रेषेची जाडी

"या विश्वात विनाकारण काहीही घडत नाही," सरांनी जाहीर केलं, आणि त्यांच्या मेहुण्याने त्यांच्या तोंडावर पाना मारला.

पाना वीतभर लांबीचा, पोलादी, आरशांच्या चौकटींचे बोल्ट आवळायचा. आधी पोलादाचा आवाज झाला, मग दातांचा. सरांनी तोंडाशी हात नेला, खाली घेतला आणि तळव्यावर पडलेल्या दोन दातांकडे, हिशेबात न बसणाऱ्या आकड्याकडे बघावं तसं, थोडा वेळ बघितलं. प्रयोगशाळेत शांतता होती. तशी ती नेहमीच असायची. सरांनी ती फार मेहनतीने तयार केली होती.

मग सर ओरडले. ते ओरडू शकतात हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या खोलीत मोठ्याने बोलायला बंदी होती आणि बंदी घालणारे ते स्वतः होते. त्यांनी मेहुण्याची मान धरली आणि त्याचं कपाळ लेसरच्या टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. टेबल हवेच्या पायांवर तरंगणारं होतं, कुठलाही धक्का उपकरणांपर्यंत पोचू नये म्हणून मुद्दाम करवून घेतलेलं. त्याने मेहुण्याचं कपाळही शांतपणे रिचवलं.

मेहुण्याला सगळे गोगलगाय म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो ओ देत असे. खिडकीतून आत आलेल्या गांधीलमाशीला तो कागदावर बसवून, दार उघडून, बाहेर पोचवून यायचा. तोच आता कपाळातून रक्त गाळत उभा होता आणि पाना त्याच्या हातातून सुटत नव्हता.

लेसरच्या नळ्या तयार करणारा काच फुंकणारा सोडवायला धावला. माणूस भल्या मनाचा, छाती भात्यासारखी. त्याने सरांना मागून कवेत घेतलं, उचललं, बाजूला केलं, आणि तसं करताना त्याला बहुधा काहीतरी आठवलं. त्याने सरांच्या बरगडीत कोपर घातलं. मग सरांना नीट समोर वळवून पोटात गुद्दा घातला. वीजजोडण्या बघणारा इसम हे सगळं दारातून पाहत होता. लवकर जळतो म्हणून त्याला फ्यूज म्हणत. त्याचं कुणाशी काही वैर नव्हतं. पण समोर मारामारी चालू असताना नुसतं उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं. त्याने स्टूल उचललं आणि काच फुंकणाऱ्यावर फेकलं. नेम चुकला. स्टूल टेबलावरच्या डाव्या आरशावर बसलं.

खरं तर लेसर असाच पेटतो. समोरासमोर दोन आरसे, आणि मध्ये खच्चून भरलेले, ताटकळत बसलेले अणू. त्यातला एखादा, कुणी सांगितलेलं नसताना, कुठल्याही क्षणी, कुठल्याही दिशेला, उजेडाचा एक कण सोडून देतो. का सोडलास, असं त्याला विचारायची सोय नाही. आरशांच्या दिशेने निघालेला असा एखादा कण बाकीच्यांजवळून जातो, आणि मग तेही त्याच दिशेने, त्याच्याच पावलावर पाऊल टाकत सुटतात. आरसा त्यांना परत पाठवतो, परत येताना ते आणखी चार जणांना घेऊन येतात. बघता बघता सगळे एका तालात. त्या दिवशी फरक एवढाच होता की पहिला कण पाना घेऊन आला होता.

डावा आरसा फुटला तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावरची रेषा विझली. ज्या थरथरीपायी इतकी वर्षं सगळं चाललं होतं ती एकदाची पूर्ण थांबली, पण ते बघण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. फ्यूजच्या कानातून रक्त येत होतं. काच फुंकणारा जमिनीवर बसून आपलं बोट सरळ करायचा प्रयत्न करत होता. सर टेबलाला धरून उभे होते आणि ओठांमधून जे काही बोलत होते त्यातलं एकही अक्षर कळत नव्हतं.

उजवा आरसा मात्र शाबूत होता. तो आता समोरच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होता.

त्या रेषेची हकिगत अशी. लेसरचा उजेड एकाच रंगाचा असतो असं म्हणतात. तो खरोखर एकाच रंगाचा असता तर पडद्यावर त्याची रेषा अशी उमटली असती की तिला जाडीच नसती. सरांच्या रेषेला जाडी होती. थोडी, पण होती. म्हणजे उजेडाचा रंग किंचित थरथरत होता. सरांना हा स्वतःचा अपमान वाटे. थरथर आहे म्हणजे कुणीतरी ती करतंय, आणि तो सापडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आधी पंखे काढवले. मग लिफ्ट बंद करवली. वरच्या मजल्यावरचे वयस्क लोक धापा टाकत चढू लागले, तेव्हा त्यांच्या धापांबद्दल तक्रार केली. चपला बाहेर, मोजे आत. खोकला आला तर अंगणात. कॅन्टीनमधल्या फ्रिजची मोटर त्यांनी एका दुपारी हातोड्याने फोडली आणि कॅन्टीनवाल्याने जाब विचारला तेव्हा त्यालाही एक ठेवून दिली. कारण होतं, असं ते नंतर म्हणाले. आणि होतंच, फ्रिज गुरगुरत होता.

हीच शिस्त त्यांनी घरी नेली. नळाच्या तोंडाला दोरा बांधला, म्हणजे थेंब टपटपणार नाही, दोऱ्यावरून गपचूप उतरेल. चमचे लाकडी आणले. घर इतकं शांत झालं की पाहुणे आल्या आल्या कुजबुजू लागत आणि लवकर निघत.

रेषा बारीक होत गेली. आणि मग एका जागी येऊन अडली. पुढे सरकेना.

"आता बाहेरचं काही उरलेलं नाही, सर," गोगलगायीने आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. कामावर तो त्यांना सर म्हणायचा, घरी भाऊजी. यात त्याची कधी गल्लत झाली नव्हती. "ही उरलेली थरथर उजेडाची स्वतःची आहे. काही अणू आपापले सुटतात. तालात नाही, मध्येच. त्यांना उत्स्फूर्त म्हणतात. आरसे आणखी चांगले केले, उजेड वाढवला, तर जाडी कमी होईल. शून्य नाही होणार."

"उजेडाला स्वतःचं काही नसतं," सर म्हणाले होते. "कुणीतरी आवाज करतंय."

"सगळ्या जगात हेच मानतात, सर. क्वांटम गोंगाट म्हणतात त्याला. पुस्तकात आहे."

"तर मग पुस्तकवाल्यांकडे जाऊन राहा."

तेव्हा गोगलगाय हो म्हणाला आणि आरसे पुसायला लागला होता. म्हणून त्याने पाना मारला याचं सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं. सरांना कुणीतरी मारलं याचं आश्चर्य कुणालाच नव्हतं.

दुपारी संचालकबाईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. बाई सडसडीत, चष्मा कपाळावर, वाक्य छोटं. कापसाच्या बोळ्यांचा एक खोका त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि ज्याला लागेल तो त्यातून घेत होता, बैठकीत बिस्किटं घेतात तसा.

"मला एवढंच हवंय," बाई म्हणाल्या. "पहिला फटका का मारला? कारण असेल तर ते भांडण. भांडणाला ताकीद देते, आरशाची व्यवस्था बघते, संपलं. कारण नसेल तर ते वेड. उद्या हा मनुष्य कुणालाही मारेल. त्याला मी इथे ठेवू शकत नाही. बोला."

गोगलगायीने मान खाली घातली. त्याच्या कपाळावर पट्टी होती, आणि पट्टीच्या खालून एक डोळा सुजून बंद झाला होता.

"कारण मी सांगतो," काच फुंकणारा म्हणाला. "यांनी माझी नळी वाकडी आहे म्हणून सांगितलं. साऱ्या लोकांसमोर."

"ते तुमचं कारण झालं."

"हो, पण चांगलं आहे. त्याला हवं तर घेऊ दे."

"बाई, लिफ्ट," फ्यूज म्हणाला. "माणूस रोज चढून चढून वैतागतो."

"हे तळमजल्यावर बसतात."

"दुसऱ्याचं बघूनही वैताग येतो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "फ्यूज, तुम्ही स्टूल का फेकलंत ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. गप्प बसा."

काच फुंकणाऱ्याने वाकडं बोट मांडीवर ठेवलं. "एक गोष्ट सांगतो, तुम्हाला काय करायचं ते करा. मारायच्या आधी हा 'भाऊजी' म्हणाला."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊजी. सर नाही. इतकी वर्षं मी बघतोय, खोलीच्या आत त्याच्या तोंडून सरच निघतं. आज म्हणाला भाऊजी, आणि हाणला."

सरांनी तोंडावरचा बोळा काढला, बघितला, पुन्हा लावला. संचालकबाईंनी गोगलगायीकडे बघितलं. तो आपल्या डाव्या मनगटाकडे बघत होता. त्याच्या मनगटाला काहीच झालेलं नव्हतं.

सकाळी कामावर येताना छत्री परत द्यायला म्हणून तो ताईच्या दवाखान्यात थांबला होता. ताई दातांची डॉक्टर. दार ढकलताच आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज आला, म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसला. बराच वेळ झाला तरी आवाज थांबेना, कुणी कण्हेना. त्याने आत डोकावलं. खुर्ची रिकामी होती. ताई खुर्चीशेजारी उभी होती, उजव्या हातात यंत्र धरलेलं, टोक हवेत, आणि ते पूर्ण वेगाने फिरत होतं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"कुणी नाहीये का?" त्याने विचारलं.

तिने यंत्र थांबवलं. "बरं वाटतं जरा," ती म्हणाली. "घरी तर चमचाही लाकडी."

तेव्हा त्याला तिचा डावा हात दिसला. मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी, आणि पट्टीच्या कडेला निळं-काळं.

"कपाटाचं दार?" त्याने विचारलं. मागच्या वेळी कपाटाचं दार होतं. त्याआधी पायरी.

ती छत्री कोपऱ्यात ठेवायला गेली. कोपऱ्याकडे तोंड करूनच बोलली. "झाकण पडलं."

"हातावर?"

"जमिनीवर. पातेल्याचं. ते वाचत बसले होते. बराच वेळ घरंगळत राहिलं रे ते. मला वाटत होतं, आता थांबेल, आता थांबेल." ती वळली. "त्यांनी हात दारात धरला आणि दार लावलं. एकदाच लावलं."

तो तिच्या पट्टीकडे बघत राहिला.

"ते विनाकारण नाही करत," ताई म्हणाली. "कारण असतं."

"झाकणाचं."

"कुणाला सांगायचं नाही. माझी शपथ आहे. मी इथली डॉक्टर आहे, चार लोक येतात माझ्याकडे." मग तिने त्याच्या गालाला उजवा हात लावला. "आणि तुझी नोकरी त्यांच्या हाताखाली आहे. जा, उशीर होईल."

तो गेला, मोजे घालून आत शिरला, आरसे पुसले. सर पडद्यासमोर उभे राहून थरथरीवर बोट ठेवत होते. कुणीतरी आवाज केलाय, ते म्हणाले, आणि आवाज करणाऱ्याला कळायला हवं की त्याचा परिणाम असतो. मग ते विश्वाबद्दल बोलले.

"मी शेवटचं विचारते," संचालकबाई म्हणाल्या. "कारण काय?"

गोगलगायीने मान वर केली. सरांनीही केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि हे बघणं जरा लांबलं. मग सरांनी बोळा काढला आणि उरलेल्या दातांनी, सुजलेल्या ओठांनी, एकेक अक्षर जुळवत, ज्या शब्दाला त्यांनी आपल्या एकाही निबंधात जागा दिली नव्हती तो शब्द उच्चारला.

"उत्स्फूर्त."

"काय म्हणाले?" फ्यूजने विचारलं.

"उत्स्फूर्त," काच फुंकणारा म्हणाला. "म्हणजे आपोआप." तो सरांकडे, एखादा देव अचानक नवस परत करायला आल्यावर बघावं तसा, बघत राहिला.

"त्याचा दोष नाही," सर बोलत होते. बोलताना रक्त हनुवटीवर उतरत होतं आणि सर ते पुसत नव्हते. "असं होतं. निसर्गात होतं. आत ताण साठतो, एखादा सुटतो. कारण शोधू नये. शास्त्र तेच सांगतं."

"तुम्ही आजवर उलट सांगत होतात."

"माझं चुकत होतं."

ही कबुली ऐकायला त्या इमारतीत कित्येक माणसं कित्येक वर्षं थांबली होती. ऐकल्यावर कुणालाच काही वाटलं नाही. बाई गोगलगायीकडे वळल्या.

"तुम्हाला मान्य आहे? नीट विचार करा. मान्य केलंत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

गोगलगायीने खोक्यातून एक बोळा घेतला, त्याचे दोन तुकडे केले, चार केले.

"सर म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "शास्त्राच्या दृष्टीने."

"मग उद्यापासून येऊ नका," बाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. बाकीचे बाहेर पडले तरी त्या, 'भाऊजी'ची गोष्ट सांगणाऱ्या काच फुंकणाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या होत्या.

सरांना दुसऱ्या कुठल्याही दंतवैद्याकडे जायचं नव्हतं. दुसरा दंतवैद्य विचारतो, मग बोलतो. ते संध्याकाळी बायकोच्या दवाखान्यात आले, बाहेरच्या माणसांना हाताने घरी जायची खूण केली आणि खुर्चीत जाऊन आडवे झाले. मेहुणा आधीच तिथे होता. त्याच्या कपाळाला टाके ताईनेच घातले होते. ती हिरड्यांना घालते तसलेच, बारीक आणि पुष्कळ.

तिने नवऱ्याचा ओठ वर करून बघितला. दोन दात गेले होते, तिसऱ्याचं मूळ आत मोडून बसलं होतं.

"मूळ काढावं लागेल," ती म्हणाली. "माझा डावा हात चालत नाहीये. नळी कुणीतरी धरायला हवी."

सरांनी भुवया आक्रसल्या, पण दवाखान्यात तिसरं कुणी नव्हतं. गोगलगायीने थुंकी ओढायची नळी घेतली आणि त्यांच्या गालाच्या आत अडकवली. ती सुरसुरत होती. सरांनी डोळे मिटले. आवाज त्यांना सहन होत नव्हता, पण तोंड उघडं असलेल्या माणसाला बंदी घालता येत नाही.

तिने इंजेक्शन दिलं. नीट दिलं, तीन जागी, बधिर व्हायची वाट बघितली, टोचून खात्री केली. मग हिरडी उभी कापली, हाडाची कड यंत्राने घासली, चिमटा घातला आणि ओढलं. मूळ येईना. तिने आपला गुडघा खुर्चीच्या कडेला टेकवला, उजव्या हाताने चिमटा डावीकडे पिळला, उजवीकडे पिळला. हाडाच्या आत कुरकुर झाली. ती तिघांनाही ऐकू आली. रक्त तोंडात भरलं, नळीने ओढलं, पुन्हा भरलं. सरांच्या टाचा खुर्चीवर आपटू लागल्या.

"दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. दुखत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं.

"मग टाचा आपटू नका."

मूळ निघालं. तिने ते ताटलीत टाकलं, टणकन. मग खड्ड्यात कापूस दाबला, त्यावर आणखी दाबला, आणि भावाकडे न बघता म्हणाली, "का मारलंस?"

"विनाकारण."

"कोण म्हणतं?"

"भाऊजी म्हणाले. सगळ्यांसमोर. संचालकबाईंनी तेच धरलं. कारण नाही म्हणजे वेड, म्हणून उद्यापासून येऊ नको म्हणाल्या."

तिचा हात थांबला. "यांनी असं सांगितलं? विनाकारण?"

"उत्स्फूर्त म्हणाले."

सरांनी डोळे उघडले. वरचा दिवा त्यांच्या तोंडात नेमका पडला होता. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि हिरडीकडे बघताना बघायची तशीच, काय काय कुजलंय याचा अंदाज घेत.

"असं खरंच असतं का रे?" तिने भावाला विचारलं. "आपोआप सुटणं?"

"असतं. पण अगदी आपोआप नाही म्हणता येत." कामाचं बोलताना त्याचा आवाज जरा मोकळा व्हायचा. "अणू कुठल्या जागेत आहे त्यावर असतं. दोन आरसे अगदी जवळ आणले आणि त्यांच्यात तो कोंडला, तर तो उजेड सोडतच नाही. आत घेऊन बसतो."

"किती वेळ?"

"तिथे आहे तोवर."

"आणि जागा बदलली तर?"

"मग सोडतो. त्याचं काही बिघडलेलं नसतं, ताई."

तिने हातमोजा दातांनी ओढून काढला. टेबलावरचा फोन घेतला, उजव्या हाताच्या अंगठ्याने नंबर शोधला, आणि फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला. सरांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. तिने पायाने पेडल दाबलं. खुर्ची मागे कलली, आणखी कलली. सरांचं डोकं खाली गेलं आणि मोजे घातलेले पाय वर आले.

"बाई, मी दातांची डॉक्टर बोलतेय. हो, त्यांची बायको. आणि त्याची बहीण. हो, दोन्ही." तिने ऐकलं. "तुम्ही आज कारण विचारलंत आणि ते तुम्हाला मिळालं नाही. ते माझ्याकडे आहे. डाव्या मनगटावर."

सरांच्या घशातून काहीतरी निघालं. कापसाने ते अर्ध्यावर धरलं.

"नाही, पडले नाही. दारात धरून दार लावलं. पातेल्याचं झाकण पडलं म्हणून." पुन्हा ऐकलं. "एक्स-रे आहे. माझ्याकडे दातांचंच मशीन आहे, त्यामुळे दाताएवढे तुकडे निघालेत, पण जोडून लावले की कळतं. रेघ आहे. केसाएवढी बारीक, पण आहे. उद्या सकाळी घेऊन येते. तिथून पुढे पोलिसांकडे जायचंय, तुम्ही बरोबर आलात तर बरं." मग पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं. तिचा चेहरा बदलला नाही; फक्त पट्टी बांधलेला हात तिने हळूच उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"हो," ती शेवटी म्हणाली. "विनाकारण काहीही घडत नाही. आमचे हे नेहमी सांगतात."

फोन ठेवून तिने दुसरा हातमोजा घातला. भावाने एका बाजूने धरला, तिने बोटं सारली.

"शपथ मोडली," तो म्हणाला.

"माझी होती. मी मोडली." तिने टाक्याचा दोरा सुईत ओवला, हिरडीत एक टाका घातला, ओढला, गाठ मारली. "तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे ना?"

"आहे. पण तिथला पंखा फार खडखडतो."

"खडखडू दे."

सर खुर्चीत उलटे पडले होते. ते डोळ्यांनी बोलायचा प्रयत्न करत होते. त्यात हुकूम होता, मग विनंती होती, मग पुष्कळ कारणं होती, एकापाठोपाठ एक, आणि सगळी एकाच दिशेची. हातांनी त्यांनी खुर्चीच्या कडा आवळल्या होत्या. त्यातला उजवा हात सुटला आणि वर आला. गोगलगायीने नळी डाव्या हातात घेतली. मग तो हात मनगटाशी धरला, हळूच खाली आणून खुर्चीच्या कडेवर ठेवला, आणि आपला तळवा त्यावर ठेवून उभा राहिला. गांधीलमाशीखाली कागद धरायचा तितक्याच हलक्या हाताने.

तिने दोरा कापला. पेडल दाबून खुर्ची सरळ केली, कापूस काढला, पाण्याचा पेला भरून त्यांच्या हातात दिला.

"चूळ भरा," ती म्हणाली. "आवाज झाला तरी चालेल."